उसनी जीभ

साडेअकराला पालाबाईने मटणाच्या टोपाचं झाकण उचललं आणि तसंच परत ठेवलं. आतून वास आला होता. मटणाच्या टोपातून वास नाही तर काय अत्तर येणार, असं तिने स्वतःलाच सुनावलं. गेली सहा वर्षं ती हेच करत आली होती. मटण रटरटायला लागलं की पोटातून काहीतरी वर यायचं. मग ती श्वास सोडायची, मनात दहापर्यंत मोजायची आणि नाकाला सांगायची, गप बस. नाक गप बसायचं. आज दहाचे वीस मोजून झाले तरी ते ऐकेना.

पालाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण भटारखान्यात एकदा नाव पडलं की पडलं. ती मांस खात नाही, मासे खात नाही, अंडं नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही. "मग जगतेस कशावर गं, पाल्यावर?" असं भांडी घासणाऱ्या मावशींनी विचारलं आणि त्या दिवसापासून ती पालाबाई झाली. एखाद्या फुलांच्या दुकानात कामाला असती तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती ज्या हॉटेलात होती ते मटणासाठी नावाजलेलं होतं, आणि ते मटण अठरा वर्षं तीच शिजवत होती. लोकांना याची फार गंमत वाटायची. पोलिसाच्या घरी चोर राहावा तसं ते तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, मग तू इथे करतेस काय? ती म्हणायची, जे येतं ते करते. लोक हसून पुढे जायचे.

घरी मात्र हे उत्तर चालायचं नाही. मुलगी सतरा वर्षांची, आईचं बघून तिनेही सगळं सोडलेलं, आणि आता आईच्या चार पावलं पुढे गेलेली. ती एकच विचारायची. "आई, तू खात नाहीस, पण खायला घालतेस. मग फरक काय?" पालाबाई म्हणायची, मरायचं ते जनावर मेलेलंच असतं, निदान माझ्या हातून त्याचा तुकडासुद्धा वाया जात नाही. हे खरं होतं. हाडं, चरबी, कापताना उरलेली चिंधी, सगळ्याचं ती काहीतरी करायची, आणि दुसऱ्या कुणी मटण करपवलं तर तिचा जीव तळमळायचा. मुलगी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं." त्या 'बरं'ने पालाबाईचा दिवस वाईट जायचा.

सोडलं कसं, तेही सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या ऑर्डरसाठी बकरे निवडायला जायचं होतं. नेहमी जाणाऱ्या माणसाची कंबर धरली म्हणून ती गेली. स्वयंपाकिणीचे हात, त्यांना मीठ लागलेलं असणारच. गोठ्यातल्या एका बकऱ्याने तिचा तळवा चाटायला सुरुवात केली. खरबरीत जीभ, कोमट, आणि सोडायलाच तयार नाही. ती हसली. अंगापिंडाने चांगला दिसला म्हणून तिने तोच निवडला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या ओट्यावर आला. तिने त्याला शिजवला, ऑर्डर पुरी केली, घरी जाऊन जेवायला बसली आणि उठली. तेव्हापासून नाही म्हणजे नाही. तिने कुणाला उपदेश केला नाही, कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं नाही. फक्त आपल्या तोंडात काय जाईल तेवढं ठरवलं, आणि तेवढं एक सहा वर्षं चोख पाळलं. तिच्या आयुष्यात बाकी बरंच काही अर्धवट राहिलं होतं, हे राहिलं नव्हतं.

आता न चाखता मटण शिजवायचं कसं? त्याला तोड भावजींनी काढली. भावजी म्हणजे तिचे थोरले दीर. तिचा नवरा बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. तिला या भटारखान्यात आणलं भावजींनी, सुरी धरायला शिकवलं भावजींनी. ती त्यांना भावजी म्हणायची म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले, मालकीणबाईसुद्धा. हॉटेलात मालकीणबाईंचा एक दंडक होता. कुठलाही टोप चाखल्याशिवाय बाहेर जायचा नाही, आणि ज्याने चाखला त्याने झाकणावर खडूने आपली खूण करायची. पालाबाईने सोडलं त्या आठवड्यात भावजींनी कुणाला न विचारता तिच्या टोपातून चमचाभर रस्सा घेतला, मिटक्या मारल्या आणि झाकणावर आपला गोल काढला. "तू शिजव, जीभ माझी," ते म्हणाले. एवढंच. ना टोमणा, ना प्रश्न. पालाबाईला त्या दिवशी रडू आलं होतं आणि तिने ते कांद्यावर ढकललं होतं.

तर आज साडेअकराला वास आला आणि तिने झाकण लावून टाकलं.

आजचा दिवस साधा नव्हता. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातली बेचाळीस माणसं जेवायला येणार होती. वर्षातून एकदा त्यांना बाहेर जेवायला नेत, आणि सगळ्यांनी मिळून मटण मागितलं होतं. सत्तरीच्या खालचं त्यात कुणी नव्हतं. मालकीणबाई सकाळपासून यादी हातात घेऊन आत-बाहेर करत होत्या. मटण मऊ हवं, तिखट कमी हवं, हाडाचा बारीक तुकडा चुकूनही जाता कामा नये. "त्यांच्या पोटाला काही झालं तर मी तोंड दाखवायची नाही कुणाला," त्या दहाव्यांदा म्हणाल्या आणि परत बाहेर गेल्या. बस साडेबाराला येणार होती.

पालाबाईचं मीठ घालायचं राहिलं होतं. मीठ ती नेहमी अगदी शेवटी घालायची, रस्सा आटून बेताचा झाला की. डबा रिकामा निघाला म्हणून ती कोठीत गेली. मिठाची पिशवी फोडून डबा भरून आली, तर भावजी टोपापाशी उभे. त्यांनी चमचा धुवून जागेवर ठेवला होता आणि खडू खिशात टाकत होते. झाकणावर गोल.

"झकास," ते म्हणाले. "मीठ अगदी बेताचं. आज म्हाताऱ्यांची चंगळ आहे."

पालाबाई डबा हातात धरून उभी राहिली.

"मीठ बेताचं?"

"अगदी. तुझा हात कधी चुकलाय का?"

टोपात मिठाचा कण नव्हता. तेरा किलो मटण, परातभर कांदा, आणि मीठ शून्य. लहान पोरानेसुद्धा ते तोंडातून बाहेर काढलं असतं. तिने डबा ओट्यावर ठेवला. हात तिने पदराला पुसले, पण पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

"भावजी, जरा कोठीत या."

"आत्ता? अगं, परात—"

"आत्ता."

अठरा वर्षांत ती त्यांच्याशी या सुरात बोलली नव्हती. ते मुकाट्याने मागे गेले. कोठीत पिशव्यांमध्ये दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. तिने दार लोटून घेतलं.

"मी मीठ घातलेलंच नाही अजून."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या फळीकडे. त्यांचा चेहरा असा उतरला की तिला वाटलं, आता हे खाली बसतात की काय. साठीला टेकलेला माणूस, या भटारखान्यातला सगळ्यात तालेवार आचारी.

"झाकण लावलेलं होतं," ते म्हणाले. "तू झाकण लावतेस म्हणजे झालेलं असतं. मला वाटलं घातलंस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?" ते चिडले, आणि लगेच विरघळले. "तो ताप आला होता बघ मला, तीन आठवडे पडून होतो. तेव्हापासून. वास नाही, चव नाही. मिरची नुसती झोंबते, बाकी काही नाही. आज येईल, उद्या येईल असं म्हणत राहिलो."

पालाबाईने बोटांवर मोजलं. तापाला दहा महिने झाले होते.

"दहा महिने तुम्ही माझ्या टोपावर गोल काढताय."

"तुझा हात चुकत नाही गं. मी बघतो ना, तू कसं घालतेस, किती घालतेस. मला तोंडात घ्यायची गरजच पडत नाही."

"मी तुमच्या जिभेवर विसंबून होते भावजी!"

"आणि मी तुझ्या हातावर."

ऐकायला चांगलं वाटलं असतं, पण पालाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दहा महिने या हॉटेलात शेकडो माणसं मटण खाऊन गेली होती आणि शिजवणाऱ्यांपैकी एकानेही ते चाखलेलं नव्हतं. तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. पण आता तिला तो साडेअकराचा वास आठवला आणि हसू जागच्या जागी मेलं.

"काल हाडांचा स्टॉक तुम्ही थंड केलात ना? कसा केलात?"

रोज हाडं उकळून तो अर्क काढायचे. गरम टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत ढवळत गार करायचा आणि मगच शीतखोलीत न्यायचा, ही पद्धत. दुसऱ्या दिवशीचा सगळा रस्सा त्यावरच उभा राहायचा.

"बर्फाचं मशीन बंद होतं काल," भावजी म्हणाले. "झाकण लावून तसाच आत ठेवला."

"गरम? झाकून?"

"खोली एवढी गार, होईल म्हटलं." मग त्यांनाच ते ऐकू आलं. ज्या माणसाने तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं की गरम टोप झाकून ठेवशील तर वरून गार दिसेल आणि आत सकाळपर्यंत कोमट राहून नासेल, तोच हे बोलत होता. "सकाळी बघितला मी. रंग ठीक होता."

"वास?"

वास त्यांना येत नव्हता हे त्यांनी आत्ताच सांगितलं होतं.

पालाबाई कोठीतून बाहेर आली ती सरळ टोपाकडे. घड्याळात बारा वाजून सात मिनिटं. तिने झाकण काढलं, वाकली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम, छाती भरून वास घेतला. पोट ढवळलं. पण हे काय नवीन होतं? ते रोजच ढवळायचं. ताजं मटण असो, भाजलेलं असो, तिला सगळ्यातून एकच वास यायचा, मेल्याचा. चांगलं मेलेलं आणि वाईट मेलेलं यातला फरक सांगायची नाकाची सवय तिने स्वतःच मोडून काढली होती. रोज ओरडणाऱ्याला रोज गप केलं, आता आज ते खरं ओरडलं की खोटं, कसं ओळखायचं?

नासलेलं कितीही उकळलं तरी पोटात गेलं की आपला गुण दाखवतं. धट्टाकट्टा माणूस दोन दिवसांत उठून बसेल. बाहेर येणार होती ती माणसं उठतीलच असं नव्हतं.

मोरीपाशी मावशी पराती खळबळून ठेवत होत्या. मावशी सगळं खायच्या, आवडीने खायच्या. पालाबाईने चमचा भरला आणि हाक मारली. "मावशी, जरा हे—"

"दे की," मावशी हात पुसत आल्या. "आज मला मान? भावजी रुसले वाटतं?"

त्यांनी तोंड पुढे केलं. पासष्टीच्या बाई, गुडघे धरलेले, तोंडात पुढचे दोनच दात, आणि डोळ्यांत चमचाभर रश्श्याचा आनंद. पालाबाईचा हात अर्ध्यावर थांबला. आपल्याला संशय आहे, आणि आपण तो हिच्या जिभेवर ठेवतोय. हेच तर केलं की आपण सहा वर्षं. जनावर निवडायचं आपण, कापायचं आपण, शिजवायचं आपण, आणि तोंडात घ्यायचं तेवढं दुसऱ्याने. भावजींनी प्रेमाने जीभ दिली आणि आपण ती बिनदिक्कत वापरली. मुलगी विचारते ते चूक नव्हतं.

"राहू द्या मावशी, गरम आहे," ती म्हणाली आणि चमचा मागे घेतला.

"अगं, मी फुंकून—"

"राहू द्या म्हटलं ना!"

मावशी पुटपुटत मोरीकडे गेल्या. पालाबाईने चमचा स्वतःच्या तोंडाकडे नेला. तेवढ्यात भावजींनी तिचं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

"नको."

"सोडा."

"मी जाऊन सांगतो मालकीणबाईंना. माझी जीभ गेलीय म्हणून सांगतो. काढतील तर काढू देत. तू नको खाऊस."

"सांगून काय होणार? बरं आहे की नासलंय, ते कळणार आहे का त्याने?"

"ओतून टाकू."

"बरं असेल तर? दोन जिवांचं मटण आहे ते भावजी. आपल्या नुसत्या भीतीपायी गटारात?"

"तू सहा वर्षं पाळलंस," भावजी म्हणाले. "माझ्या एका चुकीने मोडू नकोस. ऐक माझं."

"हात सोडा," ती म्हणाली, "बारा वाजून गेलेत."

त्यांनी सोडला. थोडा रस्सा तिच्या मनगटावर सांडला होता. चमच्यात उरला होता तो तिने तोंडात घेतला आणि तोंड मिटलं.

आधी ऊब आली. मग चरबी, मग भाजलेल्या कांद्याचा गोडवा, आणि त्याखालून मटण. मीठ नसूनही ओळखीचं, पुरेपूर ओळखीचं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ती जागीच गोठली. आपल्या तोंडाला पाणी सुटलंय याची तिला इतकी लाज वाटली की आपण काय शोधतोय तेच क्षणभर विसरायला झालं. मग तिने जीभ टाळूला लावली आणि मागून ते आलं. आंबट. टोमॅटोचा नाही, लिंबाचा नाही. दमट खोलीत ओलं फडकं राहून गेल्यावर येतो तसला एक शिळा आंबटपणा, जिभेच्या दोन्ही कडांना धरून बसणारा. खात्रीसाठी तिने दुसरा चमचा घेतला. आता शंका उरली नाही.

तिने मोरीत थुंकलं, चूळ भरली, परत भरली.

"नासलंय," ती म्हणाली.

म्हणजे नाक खरं बोललं होतं. साडेअकरापासून कानीकपाळी ओरडत होतं, आणि तिने त्याला आपलंच नाजूकपण समजून दाबलं होतं. आणखी वीस मिनिटं दाबलं असतं तर बेचाळीस ताटं वाढली गेली असती.

दोघांनी दोन बाजूंनी टोप उचलला. बाहेरच्या मोरीत ओतताना तिने डोळे मिटले नाहीत. तेरा किलो. तुकडे लोळत, एकमेकांवर आपटत जाळीवर साचले आणि रस्सा वाफ सोडत खाली गेला. तिच्या हातून कधी तुकडा वाया गेला नव्हता म्हणे. दोन जनावरं आज फुकट मेली होती, आणि त्यांतलं अर्धं पाप तरी तिच्या पदरात होतं. ती रडली. या वेळी जवळपास कांदा नव्हता.

"हे काय चाललंय?"

दारात मालकीणबाई. हातातली यादी तशीच धरलेली. मागे रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज, एकेकाला हात धरून उतरवणाऱ्यांचा गलका.

"स्टॉक नासला होता," पालाबाई म्हणाली. "मटण गेलं सगळं."

मालकीणबाईंचं लक्ष उलट्या पडलेल्या झाकणाकडे गेलं. त्यांनी ते पायानेच सरळ केलं. "यावर गोल आहे. भावजींनी पास केलं होतं हे."

पालाबाईने तोंड उघडायच्या आत भावजी बोलले. ताप, दहा महिने, बर्फ, झाकण, सगळं सांगून टाकलं. शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून, एका दमात. मालकीणबाई ऐकत राहिल्या. त्या आरडाओरडा करतील असं दोघांनाही वाटलं होतं. त्यांनी तो केला नाही, हे जास्त वाईट होतं.

"मग कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"मी चाखलं," पालाबाई म्हणाली.

"तू?"

मोरीपाशी मावशींच्या हातातली परात वाजली आणि थांबली.

"मी."

मालकीणबाईंनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा रिकाम्या टोपाकडे. बाई धंद्यातली होती, रडत बसणारी नव्हती. "फ्रिजमध्ये कोंबड्या किती?"

"वीस."

"कापून भट्टीत घाला. तोवर सूप आणि पाव देते मी बाहेर, गप्पा मारत बसवते. पाऊण तास. त्यांनी मागितलं मटण आणि मिळणार कोंबडी, त्याचं माझं मी बघते." त्या वळल्या आणि परत फिरल्या. "आणि पालाबाई, आता हे तुम्हा दोघांनाही सांगते. यांची जीभ गेली. तुझी चालतेय, आत्ता बघितलंच. उद्यापासून तू चाख. एकदा मोडलं ते मोडलं, आता त्यात राखायचं काय उरलं? तू चाखत असशील तर भावजी राहतील कापायला. नाही तर मला या दोन हातांच्या जागी जीभ असलेला एक माणूस आणावा लागेल."

त्या वाईटपणाने बोलल्या नव्हत्या, म्हणून ते आणखी लागलं. तिने कोंबड्या बाहेर काढल्या. भावजींनी सुरी घेतली. पुढची पस्तीस मिनिटं दोघं मान वर न करता राबली. भावजींचा हात सुरीवर पूर्वीसारखाच सरळ चालत होता, सांधा चुकत नव्हता. पालाबाईने तेल चोळलं, मसाला चोळला, मीठ मोजून घातलं, पराती भट्टीत सरकवल्या. बाहेरून म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. मालकीणबाई काहीतरी रंगवून सांगत असणार.

पहिली परात बाहेर निघाली तेव्हा मालकीणबाई आत आल्या. "झालं?"

"झालं."

"चाखलंस?"

पालाबाईने एक तुकडा सोडवला, चमच्यात घेतला, त्यावर परातीच्या तळाशी साचलेला रस घातला. मावशी बघत होत्या. भावजींनी सुरी खाली ठेवली आणि मान फिरवली. पालाबाई चालत मालकीणबाईंपर्यंत गेली आणि चमचा त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही चाखा."

"मी?"

"हॉटेल तुमचं आहे. मटण विकता तुम्ही, आवडतं तुम्हाला, खाता तुम्ही. मग चाखायला मी कशाला, आणि भावजी तरी कशाला? आज मी चाखलं ते बाहेरच्या माणसांसाठी. नासलंय का असा संशय असेल तर उद्याही चाखेन, परवाही चाखेन. पण मीठ बरोबर आहे का, हे बघायला मी कुठल्या जिवाला तोंडात घेणार नाही. ते नासलेलं ओळखण्यापेक्षा लहान काम आहे, ते तुम्हाला जमेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दोघंही जातो." मग तिला वाटलं, एवढंच सांगणं अर्धवट होईल. "खरं सांगायचं तर मी इथे आणखी किती दिवस आहे, हे मलाच माहीत नाही. पण भावजींना आज चूक झाली म्हणून काढू नका. ती चूक आम्ही दोघांनी मिळून केलीय, आणि माझी आधीची आहे."

बाहेरून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात ओरडलं, "अहो, कोंबडी पकडायला गेलात काय?" आणि हशा पिकला. मालकीणबाईंनी चमचा घेतला, फुंकला आणि तोंडात घातला. चावत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वीस वर्षं इतरांना 'चाखलंस?' विचारत आलेल्या बाईने आपल्या भटारखान्यात बहुधा पहिल्यांदाच लक्ष देऊन काही चाखलं होतं.

"मीठ थोडं कमी आहे," त्या म्हणाल्या.

"घालते."

"भावजी," त्या जाता जाता म्हणाल्या, "उद्यापासून बारा वाजता मला हाक मारायची. विसरलात तर बघा." आणि पहिली परात बाहेर गेली.

दुसरी परात भट्टीत होती. पालाबाई भट्टीच्या दारापाशी पाठ टेकून उभी राहिली. भावजी शेजारी येऊन उभे राहिले. आता सगळं पार पडलं होतं आणि तरी तिच्या जिभेवर काहीतरी चिकटून होतं. चार वेळा चूळ भरूनही गेलं नव्हतं. ते तिला मुलीला सांगता येणार नव्हतं, नवऱ्याला फोनवर तर नाहीच.

"भावजी," ती खाली बघत म्हणाली, "पहिला चमचा मला आवडला. आंबट कळायच्या आधी. फार आवडला."

भावजींनी खिशातला खडू काढून ओट्यावर ठेवला.

"मला माहीत होतं आवडणार," ते म्हणाले. "म्हणून तर हात धरला होता."

पालाबाईने भट्टीचं दार उघडून परात बघितली. आणखी दहा मिनिटं लागणार होती.